फ्रेंचचा अभ्यास : सातारा-सांगलीहून पाहताना

हरिपूर हे सांगलीला खेटून असलेलं, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव. गोविंद बल्लाळ देवल इथले. त्यांचं ‘संशयकल्लोळ’ १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं आणि फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती ही माणसं मराठी घरांच्या ओळखीची झाली. नावं नक्षत्रांची आणि महिन्यांची, संशय अस्सल देशी. पण नाटकाचं घराणं पॅरिसचं. मोलिएरने १६६० मध्ये ‘स्गानारेल’ हे एकांकी प्रहसन लिहिलं. त्याच्या आधारे आर्थर मर्फीने १७६१ मध्ये लंडनच्या प्रेक्षकांसाठी ‘ऑल इन द राँग’ केलं. देवलांच्या हाती पडला तो मर्फी. त्यावरून त्यांनी १८९३ मध्ये गद्य ‘फाल्गुनराव’ रचलं आणि पुढे त्यालाच पदांचा साज चढवला.

हरिभाऊ आपट्यांचं ‘मारून मुटकून वैद्यबोवा’ मोलिएरवरूनच आलं. आचार्य अत्र्यांचं ‘कवडीचुंबक’ही मोलिएरच्या कंजूष म्हाताऱ्यावरून. कुसुमाग्रजांचं ‘बेकेट’ झां अनुईच्या नाटकावरून आणि ‘वैजयंती’ फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या बेल्जियन मेटरलिंककडून आलं. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हेर्नला मराठी पोरांच्या हाती दिलं. एवढं फ्रेंच आपण पचवलं, आणि त्यातलं बहुतेक इंग्रजीमार्फत. त्यात कमीपणा काही नाही. मर्फीमार्फत येऊनही देवलांचं नाटक मर्फीपेक्षा जास्त जगलं. पण आज सातारा-सांगलीचा एखादा मुलगा किंवा मुलगी विद्यापीठात फ्रेंच घेऊ म्हणते, तेव्हा या मध्यस्थाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. फ्रेंच शिकणारे आपल्याकडे वाढले आहेत. फ्रेंच आणि मराठी यांच्यात थेट ये-जा करू शकणारे मात्र फार थोडे आहेत. विद्यापीठीय फ्रेंचचं मोजमाप या दुसऱ्या आकड्याने व्हायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

कोण शिकतं, कशासाठी

महाराष्ट्रात फ्रेंच शिकणाऱ्यांचे ढोबळ तीन गट पडतात. पहिला अकरावी-बारावीचा. मुंबई-पुण्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांत फ्रेंचची ओळख ‘मार्कांचा विषय’ अशी आहे. ठरावीक व्याकरण, ठरावीक उतारे, भरपूर गुण. बारावी झाली की पुस्तक रद्दीत. सातारा जिल्ह्यात पाचगणीच्या निवासी शाळांना फ्रेंच नवी नाही, पण तिथली मुलं बहुतेक बाहेरगावची. शिकून ती आपापल्या शहरांत परततात.

दुसरा गट प्रमाणपत्रवाल्यांचा, आणि सध्या वाढतोय तो हाच. युरोपीय चौकटीत भाषेच्या सहा पायऱ्या आहेत : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. पहिल्या चार पायऱ्यांची परीक्षा ‘डेल्फ’, वरच्या दोन्हींची ‘डाल्फ’. डेल्फ शंभर गुणांची असते, उत्तीर्ण व्हायला पन्नास लागतात. शिवाय ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या पंचवीस-पंचवीस गुणांच्या चार भागांत प्रत्येकी किमान पाच हवेत. हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. कॅनडाला कायम वास्तव्यासाठी जाणाऱ्यांचा हिशेब वेगळा. तिथल्या ‘एक्स्प्रेस एंट्री’त फ्रेंचला जादा गुण आहेत आणि २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी स्वतंत्र फेऱ्याही निघतात. पण त्या कामाला डेल्फ चालत नाही. ‘टेफ’ किंवा ‘टीसीएफ’ यांची कॅनडासाठीची परीक्षा द्यावी लागते आणि तिचा निकाल दोन वर्षांपुरताच ग्राह्य धरतात. क्लास लावण्याआधी एवढं विचारून घेतलं तर पुष्कळांचे पैसे आणि महिने वाचतील.

फ्रान्सचीही स्वतःची गरज आहे. २०३० पर्यंत भारतातले ३०,००० विद्यार्थी फ्रान्समध्ये यावेत, असं उद्दिष्ट राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी जाहीर केलं आहे. फ्रेंच न येणाऱ्यांना आधी वर्षभर भाषा शिकवून मग विद्यापीठात घेण्याची योजनाही त्यासोबत आली. इंग्रजीतून चालणारे अभ्यासक्रम तिथे आहेत. पण फ्रेंच माध्यमातली पदवी करायची तर साधारण बी-२ची तयारी मागतात.

तिसरा गट फ्रेंच भाषा आणि साहित्य हाच मुख्य विषय करणाऱ्यांचा. हा सगळ्यांत लहान. या लेखाचा विषय तोच.

पदवीत असतं काय

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे १९६२ साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. तिथे परकीय भाषांचा विभाग आहे. पण फ्रेंच साहित्यात एम.ए. आणि पुढचं संशोधन करायचं तर सवयीची वाट पुण्याची, मुंबईची किंवा गोव्याची. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्गसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. दुसरी पदवी चालू ठेवून प्रमाणपत्र, मग पदविका, मग त्यापुढची पदविका आणि अखेर एम.ए., ही तिथली जुनी चढण. मुंबई विद्यापीठात फ्रेंचचा स्वतंत्र विभाग आहे. गोवा विद्यापीठात फ्रेंचबरोबर फ्रान्सबाहेरच्या फ्रेंच साहित्याचाही अभ्यास होतो. बारावीनंतर थेट बी.ए. ऑनर्स हवं असेल तर दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचं इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ आहे.

अभ्यासक्रम कुठलाही घ्या, सांगाडा ओळखीचा असतो. पहिली दोनेक वर्षं भाषेची : उच्चार, व्याकरण, निबंध, संभाषण, फ्रेंच समाजाची ओळख. मग साहित्याचा इतिहास शतकांच्या क्रमाने. मध्ययुगीन वीरगाथा, सोळाव्या शतकातले राबले आणि माँतेन्य, सतराव्यातले कोर्नेय, रासीन, मोलिएर. अठराव्यात व्होल्तेर आणि रूसो. एकोणिसाव्यात बाल्झाक, ह्यूगो, फ्लोबेर, बोदलेर, झोला. विसाव्यात प्रूस्त, काम्यू, सार्त्र, बोव्हुआर. अलीकडे या यादीला आफ्रिका आणि कॅरिबियनमधल्या लेखकांची जोड मिळाली आहे : सेंघोर, सेझेर, मारियामा बा, आसिया जेबार. फ्रेंच बोलणाऱ्यांची जगातली संख्या ३२ कोटींच्या घरात धरतात आणि त्यातला मोठा वाटा आफ्रिकेत आहे, हे ध्यानात घेतलं तर ही जोड शोभेची राहत नाही.

वाचण्याची पद्धतही वेगळी. पानभर उतारा घेऊन ओळीओळीने उकलायचा : कोण बोलतंय, काळ कोणता वापरलाय, वाक्य कुठे तुटतं, शब्द कुठे पुन्हा येतो. याला जोडून आखीव बांधणीचा निबंध : आधी प्रश्न मांडायचा, मग बाजू, उलट बाजू आणि निष्कर्ष. आपल्याकडच्या परीक्षांत ‘कवीचा परिचय’ पाठ करून आलेल्या मुलांना हे सुरुवातीला जड जातं. पण फ्रेंच पुढे विसरली तरी टिकून राहील अशी कमाई हीच.

वेळेचा अंदाज मात्र नीट घ्यावा. शून्यापासून बी-२ पर्यंत यायला साधारण पाचशे ते सहाशे तासांचं अध्यापन लागतं, वर घरचा अभ्यास. आठवड्याला चार तासांच्या वर्गाने एवढं व्हायला तीन-चार वर्षं सहज जातात. आणि कादंबरी अडखळत का होईना, मुळातून वाचायची तर बी-२ हा उंबरठा आहे. त्यामुळे ए-२ वर थांबलेल्या माणसाने फ्रेंच ‘शिकली’ आहे, पण फ्रेंच साहित्य त्याच्यासाठी अजून इंग्रजीतच आहे.

उलट दिशेने आलेले

मध्यस्थ टाळण्याच्या मामल्यात फ्रेंचांचा हिशेब आपल्यापेक्षा चोख आहे. ज्यूल ब्लॉकने मराठी भाषेच्या घडणीवर फ्रेंचमध्ये प्रबंध लिहिला. पहिल्या महायुद्धामुळे रखडून तो १९२० च्या सुमारास पुस्तकरूपाने आला. मराठीच्या ऐतिहासिक भाषाशास्त्राचा पाया अजूनही त्या पुस्तकात शोधला जातो. ते इंग्रजीत यायच्या कितीतरी आधी, १९४१ मध्ये, वासुदेव गोपाळ परांजप्यांनी ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने थेट फ्रेंचमधून मराठीत आणलं. परांजपे स्वतः पॅरिसचे डॉक्टर. कात्यायनाच्या वार्तिकांवरचा त्यांचा १९२२ चा प्रबंध फ्रेंचमध्ये आहे. भाषाशास्त्रज्ञ ना. गो. कालेलकरही पॅरिसमध्ये शिकून आलेले. मराठी विश्वकोशात जगातल्या भाषांवरच्या कितीतरी नोंदी त्यांनी लिहिल्या. हा विश्वकोश सातारा जिल्ह्यातल्या वाईत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली तयार झाला आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. फ्रेंच भाषेची आणि फ्रेंच साहित्याची विस्तृत मराठी ओळख छापण्याचं काम कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातून झालं, याची आठवण आज त्या भागातल्या महाविद्यालयांनाही फारशी नसते.

भक्तिसाहित्याचंही तेच. गी दल्यरी या जेझुइट अभ्यासकाने केलेला तुकोबांच्या अभंगांचा फ्रेंच अनुवाद १९५६ मध्ये पॅरिसच्या गालिमारने काढला. शार्लोत व्होदव्हिल यांनी ज्ञानदेवांचा हरिपाठ १९६९ मध्ये फ्रेंचमध्ये नेला. माउलींची पालखी दर आषाढात लोणंद, तरडगाव, फलटण करत सातारा जिल्ह्यातून जाते. त्या वाटेवर रोज म्हटला जाणारा हरिपाठ फ्रेंच वाचकाकडे मुळातून गेला, मधे इंग्रजी नव्हती.

सर्वांत बोलकं उदाहरण फलटणचंच आहे. बेबीताई कांबळे यांनी छोटं दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून आत्मकथन लिहिलं. ‘जिणं आमुचं’ १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये त्याचं पुस्तक झालं. माया पंडित यांचा इंग्रजी अनुवाद यायला २००८ उजाडलं. फ्रेंच अनुवाद मात्र १९९१ मध्येच पॅरिसला प्रसिद्ध झाला होता. तो करणारे गी पॉयतव्हँ पुण्यात स्थायिक झालेले. हेमा राईरकर यांच्यासोबत त्यांनी खेड्यापाड्यांतल्या जात्यावरच्या ओव्या हजारोंनी गोळा केल्या. दया पवारांचं ‘बलुतं’ही त्यांनीच फ्रेंचमध्ये नेलं. कोल्हापूरच्या मातीतल्या अरुण कोलटकरांच्या ‘काळा घोडा’ कविता २०१३ मध्ये गालिमारने काढल्या, पण त्या मूळ इंग्रजी कविता.

इथे एक गोष्ट उघड दिसते. मराठीतून फ्रेंचमध्ये जे गेलं ते नेणारे बहुतेक फ्रेंच होते आणि त्यांनी मराठी शिकून ते नेलं. फ्रेंचमधून मराठीत जे आलं ते आणणारे आपण होतो आणि आपण इंग्रजी शिकून ते आणलं. परांजप्यांसारखे अपवाद आहेत, पण परंपरा व्हावी इतके नाहीत.

मराठीतून फ्रेंच

अपवाद वाढायचे तर वर्गात काय बदलावं? आधी माध्यम. आपल्याकडे फ्रेंच जवळपास सगळीकडे इंग्रजीच्या आधाराने शिकवतात. जिल्ह्याच्या ठिकाणी मराठी माध्यमातून आलेल्या मुलावर त्यामुळे दोन भाषांचं ओझं पडतं, आणि तेही विनाकारण. कारण फ्रेंच व्याकरणातल्या कित्येक गोष्टी इंग्रजीपेक्षा मराठीला जवळच्या आहेत.

निर्जीव वस्तूला लिंग कसं, हा प्रश्न मराठी मुलाला पडतच नाही. आपल्याकडे तीन लिंगं, तिकडे दोनच. तू-तुम्हीचा भेद तिथेही आहे आणि कुठे चुकलं की समोरच्याचं तोंड कसं होतं, हे आपल्याला सांगावं लागत नाही. भूतकाळात तर गंमतच आहे. ‘ती गेली’ मध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, ‘त्याने चिठ्ठी लिहिली’ मध्ये कर्माप्रमाणे. फ्रेंचमध्येही जाण्या-येण्याच्या क्रियापदांची रूपं कर्त्याशी जुळतात, आणि सकर्मक क्रियापदांची रूपं कर्म आधी आलं असेल तर कर्माशी. इंग्रजीतून शिकताना हा नियम अपवादांची यादी म्हणून पाठ करावा लागतो. मराठीतून तो दोन मिनिटांत समजतो. ऐंशीला ‘चार वेळा वीस’ म्हणणं विचित्र वाटतं खरं, पण चार विसा मोजणारी पिढी आपल्याही खेड्यांत होती.

अडचणीही मराठीच्याच हिशेबाने ओळखाव्या. घाटावरच्या बोलण्यातून नासिक्य स्वर बहुतेक निघून गेले आहेत. गोव्याच्या किंवा मालवणच्या मुलाला ते घरातून मिळतात, साताऱ्याच्या मुलाला कान तयार करावा लागतो. ओठ गोल करून म्हणायचा ‘इ’ आणि घशातला ‘र’ सगळ्यांनाच नवे. आणि लिहिल्याप्रमाणे वाचायची आपली सवय फ्रेंचच्या मूक शेवटांपाशी दगा देते. या सगळ्याची नोंद घेणारं, मराठी मुलांसाठी मराठीत लिहिलेलं आणि पदवीच्या पातळीपर्यंत जाणारं फ्रेंच व्याकरण हातात असतं, तर जिल्ह्यातला वर्ग पुण्याच्या वर्गापेक्षा मागे राहण्याचं निम्मं कारण संपलं असतं.

इतिहासवाल्यांचीही गरज

फ्रेंचची गरज साहित्यवाल्यांनाच आहे असं नाही. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. तेव्हा मराठ्यांचा इतिहास हा साताऱ्याचाही इतिहास, आणि त्याची मोठी साधनं फ्रेंचमध्ये आहेत. आबे कारे या प्रवाशाने शिवाजी महाराजांवर लिहिलं आणि ते सतराव्या शतकातच पॅरिसमध्ये छापलं गेलं. पाँडिचेरी उभी करणाऱ्या फ्रांस्वा मार्तँच्या आठवणी महाराजांच्या कर्नाटक मोहिमेसाठी पाहाव्याच लागतात. पानिपतावर लढलेला इब्राहिमखान गारदी फ्रेंच सेनानी बुसीच्या कवायतीत तयार झाला. १७७७ मध्ये सँ-ल्युबँ हा फ्रेंच वकील पुण्यात आला आणि इंग्रज हादरले. त्याच्याशी बोलणी करणाऱ्या नाना फडणविसांचा वाडा वाईजवळ मेणवलीला आहे आणि ‘मेणवली दप्तर’ अभ्यासकांना परिचयाचं आहे. कोरेगाव तालुक्यातलं कण्हेरखेड हे शिंद्यांचं मूळ गाव. त्या घराण्यातल्या महादजींची कवायती फौज उभी केली ती शांबेरीच्या, फ्रेंच बोलणाऱ्या द ब्वान्यने, आणि त्याच्यामागून ती पेरों या फ्रेंच सरदाराच्या हाती आली.

यातलं काही इंग्रजीत आलं आहे. पण निवडलेलं आणि गाळलेलं काय, हे भाषांतरकाराने ठरवलेलं असतं. मोडी आणि फारसी शिकणारे इतिहासाचे विद्यार्थी आपल्याकडे आहेत. त्यांतल्या दोघा-तिघांनी फ्रेंच वाचण्यापुरती जरी शिकली, तरी सातारच्या इतिहासाला नवे कागद मिळतील. यासाठी बोलता यावं लागत नाही. शब्दकोश घेऊन बसायची चिकाटी पुरते.

पोटाचा प्रश्न

घरचे विचारणार, ‘फ्रेंच करून पुढे काय?’ प्रश्न रास्त आहे. सरळ उत्तर असं की शाळा-महाविद्यालयांतलं अध्यापन, भाषांतर, पर्यटन, फ्रेंच ग्राहकांशी व्यवहार करणाऱ्या पुण्या-बंगळूरच्या कंपन्या आणि परदेशी शिक्षण ही नेहमीची दारं. यातलं साधं भाषांतर आता यंत्रं झपाट्याने करू लागली आहेत. म्हणजे बी-१ पर्यंतच्या कामचलाऊ फ्रेंचची बाजारातली किंमत उतरणार. मोल राहील ते दोन प्रकारच्या माणसांना : दुसरं कसब आणि फ्रेंच, दोन्ही असलेल्यांना, आणि यंत्राने केलेलं भाषांतर कुठे घसरलं हे ओळखण्याइतकी भाषा मुरलेल्यांना. साहित्याचा अभ्यास या दुसऱ्या प्रकारची माणसं घडवतो. म्हणून ‘साहित्य कशाला, नुसती भाषा शिका’ हा सल्ला व्यवहाराच्या दृष्टीनेही आता जुना झाला आहे.

साहित्याला आणखी एक कारण आहे, ते साताऱ्याचं खास. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं. ‘कमवा आणि शिका’तून घरातली पहिली शिकणारी पिढी तिथे पदवीधर झाली. २०२२ चं साहित्याचं नोबेल मिळालेल्या फ्रेंच लेखिका आनी एर्नोंनी याच अनुभवावर लिहिलं आहे. नॉर्मंडीतल्या लहान गावात किराणा आणि कॅफे चालवणारे आईबाप, शिकून पुढे गेलेली मुलगी, आणि मग घरात येणारं अंतर, भाषेची लाज. वडिलांवरचं त्यांचं १९८३ चं छोटंसं पुस्तक फार साध्या फ्रेंचमध्ये आहे. बी-२ च्या विद्यार्थ्याला ते झेपतं. रयतच्या वसतिगृहात राहून शिकलेल्या मुलीला ते समजायला टिपा लागणार नाहीत. तिने ‘जिणं आमुचं’ आणि हे पुस्तक शेजारी ठेवून वाचलं, तर तुलनात्मक साहित्याचा असा पेपर तयार होईल जो पॅरिसमध्ये बसून सुचायचा नाही.

इथे काय करता येईल

उद्या साताऱ्यात किंवा सांगलीत फ्रेंचचा पूर्ण विभाग निघावा, ही मागणी करण्यात अर्थ नाही. मंजूर पदं नाहीत, तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक वर्ष संपायच्या आत पुण्याला जातो, आणि पहिल्या वर्षी चाळीस आलेली मुलं तिसऱ्या वर्षी चार उरतात. पण नव्या शैक्षणिक धोरणाची रचना, जी २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही आली, तिच्यात मुख्य विषयाबाहेरच्या खुल्या विषयांना श्रेयांक आहेत. इतिहास, मराठी, वाणिज्य, अगदी विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही त्या जागेत फ्रेंच घेता येईल. सांगलीचं १९१९ पासूनचं विलिंग्डन महाविद्यालय आणि रयतची महाविद्यालयं यांच्यासारख्या संस्थांनी प्रत्येकी वेगळा शिक्षक शोधण्यापेक्षा मिळून एक-दोन पूर्णवेळ शिक्षक नेमले आणि सलग तीन वर्षांची हमी दिली, तर बी-१ पर्यंतचा पाया इथेच घालता येईल. पुढचा साहित्याचा अभ्यास पुण्यात किंवा गोव्यात खुशाल होऊ दे. तिथे पोचताना मुलं कोरी नसतील.

आणि एक गोष्ट या भागाने आवर्जून करावी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीत. सांगलीची नाट्यसंस्कृती आजही जिवंत आहे. तिथल्या फ्रेंचच्या वर्गाने तिसऱ्या वर्षी मोलिएरचं एक प्रहसन मुळातून मराठीत करून रंगमंचावर आणावं, हीच त्यांची परीक्षा. विनोदाला मध्यस्थ मानवत नाही. वाक्य प्रेक्षकात पडतं की नाही, हे पहिल्याच प्रयोगात कळतं आणि विद्यार्थ्याची फ्रेंच आणि मराठी दोन्ही एकदम उघडी पडतात. दहा वर्षांनी या जिल्ह्यांत किती जणांकडे प्रमाणपत्रं आहेत, हे मोजण्यात फार हशील नाही. फ्रेंच पुस्तक, कागद किंवा नाटक इंग्रजीकडे न पाहता मराठीत आणणारे पाच-सहा जण तयार झाले, तर केलेल्या खर्चाचं चीज झालं असं समजावं.